वऱ्हाडचे पानमळे : बेण्याच्या निवडीचा इतिहास

सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी तेल्हारा, अकोट, अंजनगाव सुर्जी आणि अचलपूर या तालुक्यांचा एक पट्टा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे येथे दगडगोटे, वाळू आणि माती आणून टाकली. या थरांत पावसाचे पाणी सहज मुरते आणि विहिरींना गोडे पाणी लागते. दक्षिणेकडे थोडे उतरले, की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. तेथली काळी माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम असली, तरी विहिरीचे पाणी पिण्यालाही धड नाही आणि ओलिताला तर नाहीच. विड्याच्या पानाची वेल खारे पाणी सोसत नाही, साचलेले पाणीही सोसत नाही, आणि पाण्यावाचून तर ती उन्हाळ्यात तग धरत नाही. म्हणून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील पानमळ्यांचा नकाशा काढायचा, तर तो गोड्या पाण्याच्या विहिरींवरूनच काढावा लागतो. कापसाच्या प्रदेशात दमट सावलीची ही शेती टिकून राहिली, ती या अरुंद पट्ट्याच्या आधाराने.

ही शेती पिढ्यान्‌पिढ्या केली ती मुख्यत्वे बारी समाजाने. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या समाजाची संख्या १९११ च्या शिरगणतीनुसार सुमारे ६० हजार दिली आहे, आणि वस्तीच्या प्रमुख जिल्ह्यांत अमरावती व बुलढाण्याची नावे आहेत. त्याच ठिकाणी आणखी एक नोंद आहे. समाजातील प्रत्यक्ष काम करणाऱ्या ३३ हजारांपैकी पान पिकवणारे आणि विकणारे अवघे १४ हजार उरले होते. बाकीचे साधी शेती, मजुरी आणि इतर धंद्यांकडे वळले होते. पानमळ्यांची घसरण गुटख्याच्या काळात सुरू झाली असे सर्रास सांगितले जाते. हे आकडे पाहता तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली दिसते.

वऱ्हाडात पान खाण्याची रीत फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, त्यात जेवणानंतरच्या विड्याचे उल्लेख जागोजागी येतात. विडा तेव्हा रोजच्या उपचाराचा भाग होता, एवढे त्यावरून स्पष्ट होते. ते पान कोणत्या जातीचे होते, हे मात्र अशा ग्रंथांतून कळत नाही. जातींची नावे नीट लिहून ठेवलेली सापडतात ती अकबराच्या काळात. वऱ्हाडचा सुभा १५९६ मध्ये मोगलांच्या ताब्यात आला आणि अबुल फजलची ऐन-ए-अकबरी त्याच दशकात पूर्ण झाली. तिच्यात बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपूरकांत आणि बंगला असे पानाचे प्रकार वर्णिले आहेत. कपुरी पान पिवळसर आणि शिरांचे, पण चवीला व वासाला चांगले. बंगला रुंद, जाड, उष्ण आणि तिखट. कपूरकांत तर मिऱ्यासारखे झणझणीत, आणि ते बनारसेतही प्रत्येक जमिनीत साधत नाही, असा शेरा त्याने मारला आहे. पानाचा प्रकार आणि जमीन यांची सांगड घालावी लागते, हे त्या काळच्या बागवानांना किती पक्के ठाऊक होते ते या एका शेऱ्यावरून उमगते.

यांतली कपुरी आणि बंगला ही दोन नावे आजच्या बाजारातही चालतात. पुढे रसायनशास्त्राने त्यांच्यातला फरक तपासला, तेव्हा जिभेचा निवाडा खरा ठरला. बंगला पानाच्या तेलात युजेनॉल भरपूर असते. लवंगेला तिखटपणा देणारे द्रव्य तेच. कपुरीच्या तेलात टर्पिनिल ॲसिटेटसारखी सौम्य, सुवासिक द्रव्ये पुढे असतात, तर मिठा पानात बडीशेपेच्या वासाचे ॲनेथोल. नागपूरजवळच्या रामटेकपासून अकोटपर्यंत विदर्भाचा कल कपुरीकडेच राहिला. हे पान पातळ आणि फिकट असते, तोंड पोळवत नाही, आणि चुना-कात-सुपारीच्या साध्या विड्यात त्याची स्वतःची चव उरते. भरगच्च मसाल्याच्या विड्याला बंगला चालते. दिवसातून चार वेळा साधे पान खाणाऱ्या माणसाला कपुरीच मानवते. वऱ्हाडातील निवडीमागे ही खाण्याची सवय असावी, असे मानणे वाजवी ठरते.

निवड एकदा झाली की ती टिकून राहते, कारण पानवेलीची लागवड बियांपासून होत नाही. ही वेल मूळची आग्नेय आशियातली. नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. लांबट, अरुंद पानांच्या वेली बहुधा नर आणि रुंद, हृदयाच्या आकाराच्या पानांच्या बहुधा मादी, असे अभ्यासकांना आढळले आहे. भारतातील मळ्यांत एका प्रदेशात बहुतेक एकाच जातीची लागवड असते, वेली फुलतात क्वचित आणि बी धरणे तर जवळजवळ होतच नाही. त्यामुळे वेलीचा तुकडा, म्हणजे बेणे, हाच लागवडीचा एकमेव मार्ग उरतो. बेण्यातून उगवणारी वेल मूळ वेलीचीच पुढची फूट असते. चव, वास, पानाची जाडी, तजेला, सारे जसेच्या तसे पुढे जाते. अंजनगावच्या आजच्या मळ्यातील कपुरी वेल म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी कुणीतरी पारखून तोडलेल्या वेलीचाच भाग आहे. आंब्याच्या कोयीतून नवे काही निघण्याची जशी शक्यता असते, तशी येथे नाही. येथे सुधारणा करायची तर मळ्यातल्या शेकडो वेलींमधून बरी वेल ओळखणे आणि तिचेच बेणे वाढवणे, एवढाच उपाय होता. बारी शेतकऱ्याचे कौशल्य म्हणून ज्याला नावाजायचे, ते मुख्यतः हे ओळखणे होय.

बेणे घेताना वेलीचा कोणता भाग घ्यायचा याला फार महत्त्व आहे. पानवेलीला दोन प्रकारच्या फांद्या असतात. मुख्य शेंडा वर चढतो, आणि त्याच्या प्रत्येक पेरावर आधाराला चिकटणारी बारीक मुळे फुटतात. बाजूच्या फांद्या आडव्या वाढतात, त्यांना पाने येतात पण त्या चढत नाहीत. बेणे चढत्या शेंड्याचेच हवे. बाजूच्या फांदीचे बेणे जगले तरी त्याची वेल खुरटी राहते. वेल निरोगी, निदान वर्षाची, पण जून न झालेली असावी. तिच्या शेंड्याकडील भागातून तीन ते पाच पेरांचे तुकडे घ्यावेत, आणि लावताना खालची दोन पेरे मातीत दाबावीत. अबुल फजलनेही चैत्रात चार-पाच बोटे लांबीचा वेलीचा तुकडा मातीत लावतात आणि पंधरा-वीस दिवसांत पेरातून नवी वेल निघते, असे लिहिले आहे. चारशे वर्षांत या कृतीत बदलण्यासारखे फारसे काही सापडलेले नाही.

वेल लावण्यापूर्वी तिचा आधार उभा करावा लागतो. शेवरी, पांगारा आणि हादगा यांची पेरणी आधी होते. ही झाडे भराभर वाढतात, हलकी सावली देतात आणि शेंगवर्गातील असल्याने जमिनीला नत्रही देतात. लवकर सावली हवी म्हणून एरंडही लावतात. मळ्याच्या भोवती ताटी किंवा दाट कुंपण घालून उन्हाळी झळा अडवायच्या. अकोला परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ही तर दमट जंगलातली वेल. चार-सहा दिवसांआड पाणी, वर सावली, बाजूला आडोसा अशा रीतीने मळ्याच्या आत एक निराळेच हवामान तयार करावे लागते. वेल वाढत जाईल तशी ती लव्हाळ्याने किंवा केळीच्या सोपटाने आधाराला बांधतात. ती हाताच्या टप्प्याबाहेर गेली की दरवर्षी उतरण करतात, म्हणजे वेल सोडवून तिचा खालचा पाने गेलेला भाग वेटोळे करून मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा आधारावर चढवतात. पुरलेल्या पेरांना मुळे फुटतात व जुनी वेल पुन्हा तरुण होते. मोटेच्या काळात या साऱ्याला माणसे आणि बैल किती लागत असतील याची कल्पना केली, म्हणजे एका कुटुंबाचा मळा गुंठ्यांत का मोजला जाई हे समजते.

मळ्याभोवती काही रीतिरिवाजही उभे राहिले. मळ्यात पायताण घालून जायचे नाही हा नियम कडक होता. नागपंचमीला बारी समाजात नागाची आणि नागवेलीची पूजा होते. रसेल-हिरालाल यांनी नोंदवलेल्या कथेत पांडवांना विजयोत्सवासाठी विड्याची पाने हवी होती. त्यांचा दूत पाताळात नागराणीकडे गेला, तेव्हा तिने आपल्या करंगळीचे पेर तोडून दिले आणि ते मातीत लावल्यावर त्याची वेल झाली. कथा बेण्याची आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. तोडलेल्या पेरातून वेल उगवते, ही मळ्यातली रोजची क्रिया तिच्यात देवघरात नेऊन बसवली आहे. अनवाणी जाण्याच्या नियमाचाही एक व्यावहारिक फायदा होता. वेली सुकवणाऱ्या मर रोगाचे बीज ओल्या मातीतून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाते, आणि चिखलाने भरलेले पायताण हे त्याचे सोपे वाहन आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात पावित्र्यच असेल, पण त्याने वेलींचे रक्षण झाले असणार.

मर हा पानमळ्यांचा जुना वैरी. बुंध्याशी काळपट सड दिसते, वरची पाने पिवळी पडतात आणि भरलेली वेल काही दिवसांत माना टाकते. पावसाळ्यात पानांवर तपकिरी, पाणीदार डाग पडतात, तेही बहुधा याच रोगाचे रूप. या रोगाचा पहिला पद्धतशीर अभ्यास याच प्रांतात झाला. जहांगीर फरदुनजी दस्तूर हे मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपूरला काम करत होते. त्याआधी पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत असताना त्यांनी १९१३ मध्ये एरंडाच्या रोपांवर पडणाऱ्या रोगाचे बीज शोधून त्याला फायटोप्थोरा पॅरासिटिका असे नाव दिले होते. मध्य प्रांतातील पानमळे तपासताना त्यांना मर रोगाच्या मुळाशी त्याच बुरशीचा प्रकार सापडला. १९२७ मध्ये त्यांनी त्यावर टिपण प्रसिद्ध केले, आणि १९३५ मध्ये मध्य प्रांतातील पानवेलीच्या रोगांवर विस्तृत निबंध लिहिला. ज्या एरंडाची सावली पानवेलीला दिली जाते, त्याच एरंडावर ही बुरशी प्रथम ओळखली गेली, ही गोष्ट मळेवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी होती. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण, रोगट वेली उपटून जाळणे आणि पाण्याचा निचरा हे त्यावरचे उपाय आजही सांगितले जातात.

मर रोगाने बेण्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. ज्या मार्गाने चव जशीच्या तशी पुढे जाते, त्याच मार्गाने रोगही जातो. वरून निरोगी दिसणाऱ्या वेलीचे बेणे रोगाचे बीज घेऊन नव्या मळ्यात शिरते. शिवाय मळ्यातल्या साऱ्या वेली एकाच मुळाच्या, त्यामुळे एकीला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. बियांपासून वाढणाऱ्या पिकात काही रोपे उपजत चिवट निघतात आणि वाण सावरते. पानमळ्यात ही सवलत नसल्यामुळे गेलेला मळा पुन्हा उभा करायचा तर जमीन बदलावी लागे आणि बेणे दूरच्या, रोग न पडलेल्या गावातून आणावे लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानमळे झपाट्याने आटत गेले. विहिरींची पातळी खाली गेली, कूपनलिका खोल होत गेल्या, मजुरी वाढली. रेल्वे आणि ट्रकने कोलकात्याचे व बनारसचे पान शहरांतल्या टपऱ्यांवर आले. त्याच सुमारास पुडीतल्या सुपारी-तंबाखूने पानाचे गिऱ्हाईक पळवले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तोवर पान खाणारी एक पिढी निघून गेली होती. पायथ्याच्या गोड्या पाण्यावर संत्री आणि केळी यांनी हक्क सांगितला. मळेवाल्यांपुढे प्रश्न होता तो हातात असलेल्या कसबाचे करायचे काय, हा.

त्याचे एक उत्तर मळ्यातच होते. पानपिंपळी ही पानवेलीचीच बहीण, दोघी मिरवेलीच्या कुळातल्या. तिलाही सावली, ओलावा, आधार आणि बेण्याची पारख लागते. अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत, तसेच लगतच्या बुलढाणा जिल्ह्यात बारी शेतकऱ्यांनी तिची शेती वाढवली आणि महाराष्ट्रात हाच पानपिंपळीचा प्रमुख पट्टा बनला.

पिंपळीचा व्यापार तर पानाहूनही दूरवर पोहोचलेला होता. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतील ती तिसरी. मिरची येथे येण्याआधी भारतीय स्वयंपाकात तिखटपणा आणणाऱ्या पदार्थांत तिला मानाची जागा होती. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी पिंपळीचा भाव पौंडाला १५ दिनार, पांढऱ्या मिऱ्याचा ७ आणि काळ्या मिऱ्याचा ४ असा देतो. म्हणजे रोममध्ये पिंपळी काळ्या मिऱ्याच्या जवळजवळ चौपट महाग होती. युरोपात दीर्घकाळ पिंपळी आणि मिरी एकाच झाडाला येतात असा समज होता. गोव्यात राहून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या गार्सिया द ऑर्ताने १५६३ च्या आपल्या ग्रंथात तो खोडून काढला. पुढे अमेरिकेतून आलेल्या मिरचीने स्वयंपाकघरातली पिंपळीची जागा घेतली. ती उरली काही मसाल्यांत, बाळंतिणीच्या खाण्यात आणि वैद्याच्या बटव्यात. वऱ्हाडातील मालाला आज मागणी आहे ती मुख्यतः आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यांची.

पानपिंपळीच्या लागवडीत बेण्याची निवड आणखी नाजूक होते. पानवेलीत पीक पानाचे असते, म्हणून वेल नर की मादी याने फार अडत नाही. पिंपळीत पीक कणसाचे. नर वेलीवर येणारी कणसे लांब आणि सडपातळ असतात, ती सुकून गळून जातात. मादी वेलीची कणसे आखूड, जाड आणि दाणेदार असतात, बाजारात पिंपळी म्हणून विकली जातात ती हीच. पान पाहून दोघींतला फरक ओळखणे नवख्याला शक्य नसते. म्हणून कणसे धरलेली असतानाच चांगल्या वेली हेरून ठेवायच्या आणि बेणे त्यांचेच घ्यायचे. हा नियम चुकला तर वर्षभराच्या पाणी-खतानंतर हाती हिरवागार, पण रिकामा मळा येतो.

तोडणीतही अशीच पारख आहे. कणीस पूर्ण भरलेले पण पिकण्याआधीचे, गडद हिरवे असताना खुडावे लागते. पिकून लाल व मऊ झाले की तिखटपणा उतरतो. तोडणी एकदम होत नाही. कणसे जशी भरतील तशी हिवाळाभर पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि बहुतेक काम हातांनीच होते. चार-पाच दिवस उन्हात वाळवल्यावर दहा किलो ओल्या मालाचा सुमारे दीड किलो सुका माल उरतो. त्याचा तिखटपणा पायपरीन या द्रव्याचा, ते चांगल्या मालात साधारण ३ ते ५ टक्के असते. तीनेक वर्षांनी वेल थकली की मुळे आणि बुंधा खणून काढतात. तेच पिंपळमूळ. त्यालाही स्वतंत्र बाजार आहे.

सरकारी संशोधनाने या पिकाकडे उशिरा लक्ष दिले. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि तेथील नागार्जुन वनौषधी उद्यानात औषधी वनस्पतींचा संग्रह व अभ्यास होऊ लागला. पानपिंपळीची नाव घेण्याजोगी सुधारित जात मात्र आली ती केरळ कृषी विद्यापीठातून, विश्वम या नावाने. नारळाच्या बागेतील सावलीत ती उत्तम येते. केरळचा दमट किनारा आणि वऱ्हाडचा कोरडा, तापता उन्हाळा यांत अंतर मोठे आहे. पानवेलीसाठी राज्यात काम झाले ते सांगलीजवळच्या कसबे डिग्रजला, तेथून कृष्णा पान ही निवड पुढे आली. तीही कृष्णाकाठच्या हवेतली. पायथ्याच्या या पट्ट्यात, येथल्याच वेलींमधून निवडून, रोगमुक्त बेणे तयार करण्याचे काम फार मोलाचे ठरेल, कारण येथल्या उन्हाळ्यात टिकून राहिलेल्या वेली इतरत्र मिळणार नाहीत.

बेण्याचा व्यवहार अजूनही बराचसा जुन्या वळणाने चालतो. ज्याच्या मळ्यातली वेल दोन-तीन हंगाम निरोगी राहिली आणि कणसे भरघोस आली, त्याच्याकडून नात्यातले आणि गावातले लोक बेणे नेतात. लागवडीपूर्वी बेणे बुरशीनाशकात बुडवून घेण्याची, जमिनीत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळण्याची आणि ठिबकने बेताचे पाणी देण्याची पद्धत त्यात नव्याने मिसळली आहे.